ब्रेक जरा उजवीकडे ओढतोय

अप्पांच्या जीपचा ब्रेक जरा उजवीकडे ओढत होता. तक्रार एवढीच होती. बाकी जीप तिच्या वयाच्या मानाने ठणठणीत होती. हँडल मारलं की खोकत-खाकरत उठायची, चढाला कुरकुरायची, उताराला अप्पांना सांभाळून घ्यायची आणि जिथे उभी राहील तिथे ऑइलचा एक वाटोळा थेंब ठेवून यायची. रस्ते खात्यात अप्पांनी तिच्यातूनच उभी हयात काढली होती. खात्याने दोघांना एकदमच निवृत्त केलं. जीपचा लिलाव झाला तेव्हा दुसरं कुणी बोलीच लावेना. मग अप्पांनी तिला घरी आणली.

"मला लिलावात उभी केली असती तर लावली असती का हो बोली?" माईंनी तेव्हा विचारलं होतं.

"तुझा ब्रेक कुठे लागतो?" अप्पा म्हणाले होते, आणि त्या दिवशी चहा स्वतःच्या हाताने करून प्यायले होते.

अप्पांचं एक काम मात्र राहून गेलं होतं. माईंना खिंड दाखवायची होती. खिंडीतल्या रस्त्याची आखणी अप्पांनी केली होती आणि संसारातल्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी ते तिथेच होते. घर बदललं तेव्हा ते खिंडीत होते. मुलगा झाला तेव्हा खिंडीत होते. "एकदा सवतीचं तोंड तरी बघू दे," असं माई वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. तो रस्ता पुढे खात्यानेच वाऱ्यावर सोडला, आणि आता तिथे साधी मोटार जात नव्हती, जीपच लागायची. इकडे अप्पांच्या वाहन चालवायच्या परवान्याची मुदत येत्या हिवाळ्यात संपत होती. तपासणीचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी मागच्याच वेळी हसत हसत सांगून टाकलं होतं, "अप्पा, पुढच्या वेळी गप्पा मारायला या. सहीला येऊ नका."

म्हणून अप्पांनी मुलाला सांगितलं, "एवढा ब्रेक बघून आण. रविवारी आम्ही दोघं जाऊन येतो."

मुलगा, ज्यांना आपण चिरंजीव म्हणू, विमा कंपनीत जोखीम विभागाचे प्रमुख होते. आयुष्यात त्यांनी जोखमीचं असं काहीच केलेलं नव्हतं, आणि त्या पदाला तीच पात्रता लागते. ते जीप घेऊन ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींच्या गॅरेजवर पूर्वी 'सर्व प्रकारची दुरुस्ती' अशी पाटी होती. आता तिथे 'अभिजात वाहनांचे पुनरुज्जीवन' अशी पाटी होती आणि बाहेर दोन वेताच्या खुर्च्या होत्या. मिस्त्री पूर्वी गाडीच्या खाली शिरत. हल्ली ते गाडीभोवती फिरत.

"ब्रेक ओढतोय," चिरंजीव म्हणाले.

"ओढणारच." मिस्त्रींनी एक प्रदक्षिणा पूर्ण केली. "पण साहेब, हे काय उभं आहे, कळतंय का तुम्हाला?"

"जीप."

"जीप लोकांकडे असते. हा वारसा आहे."

वारसा म्हटल्यावर नुसता ब्रेक दुरुस्त करून घरी जाणं चिरंजिवांना कोतेपणाचं वाटलं. रविवारी अप्पा टोपी घालून गॅरेजवर पोचले तेव्हा जीपचा सांगाडा लाकडी घोड्यांवर चढला होता, इंजिन एका कोपऱ्यात साखळीला लोंबकळत होतं आणि स्प्रिंगचे पाटे भिंतीला टेकून उभे होते.

"ब्रेक झाला का?" अप्पांनी विचारलं.

"अप्पासाहेब," मिस्त्री दुखवट्याच्या आवाजात म्हणाले, "ब्रेकचा विचार सगळ्यात शेवटी."

अस्सल वाहन संवर्धन मंडळाचं सभासदत्व चिरंजिवांनी याच सुमारास घेतलं. मंडळाच्या सभासदांकडे नदी ओलांडणारी, वाळू तुडवणारी, कडे चढणारी एकाहून एक वाहनं होती आणि ती सगळी ट्रकवर चढवून, गोधड्यांत गुंडाळून सभेला आणली जात. सभासद गुडघ्यापर्यंत बूट आणि पुष्कळ खिशांची जाकिटं घालत. खिशांत वाहन पुसायचे मऊ कपडे असत. मंडळाची वार्षिक 'दुर्गम मोहीम' एका हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भरे. तिथे आधी चटया अंथरल्या जात, कारण मागे एका वाहनाच्या टायरला धूळ लागली होती आणि त्यावरून दोन सभासदांचं बोलणं बंद झालं होतं.

मंडळाचे अध्यक्ष पेशाने दंतवैद्य होते. खरी सत्ता मात्र परीक्षकांच्या हातात होती. परीक्षक निवृत्त लेखापरीक्षक होते. त्यांच्या एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात लोहचुंबक असे. पत्र्याला चुंबक चिकटलं तर पत्रा खरा. नाही चिकटलं तर आत पुट्टी भरलीय, असा हिशोब. वाहन कारखान्यातून जसं निघालं तसं आज आहे का, एवढं बघून ते गुण देत. गुण मिळाले की अस्सलतेचं प्रमाणपत्र. चिरंजिवांनी अप्पांना समजावलं, "थोडं थांबा. प्रमाणपत्र मिळू दे, मग खिंडच काय, कुठेही जा."

"मला प्रमाणपत्र घेऊन कुठे जायचंय? मला माईला घेऊन जायचंय," अप्पा म्हणाले.

जीप जोडून, रंगवून तयार झाली. प्रत्येक स्क्रूची खाच एकाच दिशेला होती. परीक्षकांनी खाली वाकून विजेरी मारली आणि त्यांचा चेहरा पडला.

"गळती आढळत नाही."

"नवीन सील टाकलेत साहेब," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "टिपूस येणार नाही."

"हे वाहन कारखान्यातून गळतच बाहेर पडत असे. आपण त्याचा स्वभाव बदललात."

गळती पूर्ववत करण्यात मिस्त्रींचा सगळा पावसाळा गेला. न गळणारं गळतं करणं वाटतं तेवढं सोपं नसतं. थेंब मूळ जागी, मूळ आकाराचा आणि मूळ आळसाने पडायला हवा होता. तो पडला तेव्हा मिस्त्रींनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पुढच्या तपासणीत परीक्षकांची विजेरी डाव्या बाजूला, बसायच्या जागेजवळ थांबली. तिथे पायजम्याच्या नाडीसारखा वाकवलेला एक पाइप नटांनी घट्ट बसवलेला होता.

"हे काय?"

"कडी," चिरंजीव म्हणाले. "माई धरून चढतात."

परीक्षकांनी कारखान्याची पुस्तिका उघडली, मागून पुढे आणि पुढून मागे चाळली. "पुस्तिकेत माई नाहीत."

ती कडी अप्पांनी जुन्या खाटेचा पाइप वाकवून केली होती. माईंना तेव्हा दिवस गेले होते आणि जीपची पायरी उंच होती. म्हणजे तसं पाहिलं तर ती कडी धरून चिरंजीवही जीपमध्ये चढले होते. पण पुस्तिकेत चिरंजीवही नव्हते. कडी निघाली. मिस्त्रींनी ती गॅरेजच्या भिंतीला ठोकून तिच्यावर टॉवेल टाकला.

मग पोचा. पुढच्या मडगार्डला एक जुना पोचा होता, खिंडीतल्या धोंड्याने दिलेला. तो मिस्त्रींनी आधीच ठोकून, घासून साफ केला होता, आणि परीक्षकांनी चुंबक फिरवून मान डोलावली होती. आता प्रमाणपत्र हातात पडणार, एवढ्यात मंडळाचं धोरण बदललं. जगभर म्हणे आता वारा फिरला होता. नव्यासारखं दिसणं गावंढळ ठरलं होतं. वाहनाने जे भोगलं ते वाहनावर दिसलं पाहिजे, असा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि 'नष्ट केलेला इतिहास पुनःस्थापित करावा' असं पत्र चिरंजिवांना आलं.

"म्हणजे काय करायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पोचा परत पाडायचा."

"आधी सांगायचं ना साहेब! पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही."

पण पोचा कसाही पाडून चालणार नव्हतं. तो कुठे आणि केवढा होता, हे ठरवायला समिती बसली. साक्षीला अप्पांना बोलावलं.

"उजव्या मडगार्डला," अप्पा म्हणाले.

परीक्षकांनी जुना फोटो पुढे केला. फोटोत तरुण अप्पा जीपला टेकून उभे होते आणि पोचा डाव्या मडगार्डला होता.

"अहो, फोटो उलटा छापलाय! त्या फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी धरली असणार. बघा, माझं घड्याळसुद्धा उजव्या हातात दिसतंय."

"सवयी बदलतात," परीक्षक म्हणाले.

"ब्रेक उजवीकडे ओढतो हो! धोंडा डाव्या बाजूला कसा लागेल?"

"अप्पासाहेब," परीक्षक समजुतीने म्हणाले, "फोटो हा पुरावा आहे. आपण आठवण आहात."

डाव्या मडगार्डला पोचा पाडण्यात आला. इथे हे थांबलं असतं. पण अध्यक्षांनी फोटोला भिंग लावलं आणि नंबरप्लेटवरचे आकडे उलटे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. आरशात दिसतात तसे. पोच्यासाठी फोटो खरा आणि नंबरप्लेटसाठी खोटा, असं धोरण मंडळाला शोभलं नसतं. नंबरप्लेट उलटी रंगवण्यात आली. उलट्या नंबरप्लेटची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ही अडचण चिरंजिवांनी मांडली तेव्हा अध्यक्ष चकित झाले. "रस्त्यावर कशाला आणायचीय?"

हिवाळा तोंडावर आला. अप्पा रोज सकाळी परवाना खिशातून काढून बघत आणि परत ठेवत. चिरंजिवांना ते दिसत होतं. त्यांना वाईटही वाटत होतं. म्हणूनच मंडळाने 'मूळ चालक हयात असल्यास जादा गुण' अशी तरतूद केली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "अप्पा, आता तुमचंही नाव प्रमाणपत्रावर येणार," ते म्हणाले.

"जीप चालवायला मिळेल?"

"तिच्याशेजारी उभं राहायला मिळेल."

अप्पांना जीपशेजारी उभं करण्यात आलं. परीक्षकांनी त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. विजेरी डोळ्यांत मारली.

"मोतीबिंदू काढलाय?"

"दोन्ही."

"भिंगं मूळ नाहीत." त्यांनी खूण केली, मग खाली वाकून अप्पांच्या गुडघ्याला चुंबक लावलं. चुंबक चिकटलं नाही. परीक्षकांनी वर बघितलं.

"पुट्टी?"

"सांधा बदललाय," अप्पा म्हणाले.

दातांच्या बाबतीत परीक्षक जरा घुटमळले, पण अध्यक्षांनी तो प्रश्न जागच्या जागी सोडवला. "कवळी आहे. मी खात्रीने सांगतो. मीच बसवलीय."

निकाल तिथेच जाहीर झाला. जीप अस्सल, चालक अस्सल नाही. अशा चालकाने वाहन हाताळल्यास वाहनाचेही गुण कमी होतील, सबब त्याने वाहनापासून हातभर अंतरावर राहावं. अंतिम तपासणी रविवारी, घरी.

निघताना अप्पांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "तेवढा ब्रेक तरी झाला का?"

"वेडे की काय अप्पासाहेब! उजवीकडे ओढणारा ब्रेक आहे म्हणून सगळ्यात जास्त गुण मिळालेत. त्याला हात लावीन का मी?"

अप्पांनी भिंतीकडे बघितलं. "बरं, मग टॉवेल दुसरीकडे वाळत घाल," ते म्हणाले आणि कडी काढून पिशवीत टाकून घरी आले.

त्या संध्याकाळी जीप ट्रकवर चढवून घरी आणली. ती शेडमध्ये रेशमी आच्छादनाखाली उभी राहिली. माईंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. डोळे, गुडघा, कवळी.

"मला नाही ना तपासायला बोलावलं?" त्यांनी विचारलं. "मी तर पुस्तिकेतच नाही." मग त्या समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत राहिल्या. कपाटात त्यांच्या मामाने लग्नात दिलेला चहाचा संच होता. सोनेरी कडा, निळी फुलं. चांगल्या प्रसंगाला काढायचा म्हणून ठेवलेला. चांगले प्रसंग येऊन गेले, तेव्हा एखादा कप फुटेल म्हणून काढला नव्हता.

माई उठल्या, किल्ली लावली आणि कप काढून जुन्या साडीत गुंडाळायला लागल्या.

"माई, ते पाहुण्यांचे आहेत," चिरंजीव म्हणाले.

"मग? मी पाहुणीच जातेय. सवतीकडे पहिल्यांदा जायचं, तर काय स्टीलचे पेले नेऊ?"

चिरंजिवांना वाटलं, माई चेष्टा करतायत. जोखीम विभागात असूनही त्यांना तसं वाटलं.

रविवारी सकाळी चिरंजीव परीक्षकांना आणि अध्यक्षांना आणायला गेले. त्यांना घेऊन परत आले तेव्हा शेडमध्ये रेशमी आच्छादन नीट घडी करून ठेवलं होतं. शेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. जीप नव्हती. जमिनीवर ऑइलचा एक थेंब होता.

परीक्षकांनी वाकून थेंब मोजला. "जागा मूळ आहे," ते म्हणाले.

"गुण द्या," अध्यक्ष म्हणाले.

अप्पांचं वय, खिंडीचा रस्ता आणि न दुरुस्त केलेला ब्रेक ही सगळी जोखीम चिरंजिवांसमोर एकदम उभी राहिली. "त्यांना काही झालं तर!" ते म्हणाले.

"रंगाला झालं तर?" परीक्षक म्हणाले.

वाटेत अप्पांना फक्त एका वाहतूक पोलिसाने अडवलं होतं. त्याने नंबरप्लेटकडे मान वाकडी करून बघितलं, मग आपल्या मोटारसायकलच्या आरशात बघितलं. "आता बरोबर दिसतंय," असं म्हणाला आणि परवाना तपासून, "अजून चालतोय की तुमचा, आजोबा," म्हणत त्याने जाऊ दिलं.

उन्हं उतरताना जीप परत आली. ती लांबूनच ऐकू आली. चाकांच्या वरपर्यंत लाल चिखल, काचेवर चिखल, अप्पांच्या टोपीवर चिखल. उजव्या मडगार्डला हातभर पोचा. माई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हाताशी खाटेच्या पाइपाची कडी होती, अप्पांनी पहाटेच घट्ट बसवलेली.

"माई, बऱ्या आहात ना?" चिरंजीव धावत गेले.

"मला काय धाड भरलीय? हात दे." माई कडी धरून उतरल्या.

"काय होतं वर?"

"वारा. आणि एक दगड, त्यावर यांनी मारलेली पांढरी खूण." माईंनी जरा विचार केला. "ओसाड आहे रे बिचारी. मी उगाच इतकी वर्षं जळत राहिले. चहा छान लागला पण. उतरताना यांनी ब्रेक दाबला, गाडी गेली धोंड्यावर, आणि एक कप फुटला."

"अरेरे! संच मोडला."

"सुटले बाई! आता रोज वापरता येतील."

इकडे परीक्षक जीपभोवती फिरत होते. त्यांनी चिखल नखाने कोरून हुंगला. चुंबक पोच्याला लावलं, चिकटलं. कडीपाशी ते बराच वेळ थांबले. मग ते आणि अध्यक्ष कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. चिरंजीव मान खाली घालून उभे होते. मंडळातून नाव कमी होणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"अभिनंदन," अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले. "मूळ चालकाने, मूळ ब्रेक दाबून, मूळ धोंड्यावर, मूळ बाजूला पाडलेला पोचा. मंडळाच्या इतिहासात अशी नोंद नाही. आणि हा चिखल! आमच्यापैकी कुणाकडेच चिखल नाही हो."

"चालक अस्सल नव्हता ना पण?" अप्पांनी विचारलं.

"निकष सुधारता येतात," परीक्षक म्हणाले. "फक्त आता हे वाहन हलता कामा नये. चिखल निखळेल."

प्रमाणपत्र मिळालं. सर्वोच्च श्रेणीचं. शेडच्या जागी चिरंजिवांनी काचेची खोली बांधली आणि मिस्त्रींनी चिखलावर लाखेचा पारदर्शक थर मारला, तोही दोन हात. डाव्या मडगार्डचा पोचा मात्र 'बनावट' म्हणून मिस्त्रींना पुन्हा साफ करावा लागला. अप्पांचा परवाना त्याच आठवड्यात संपला. त्यांनी तो खिशातून काढला आणि जीपच्या किल्लीबरोबर खुंटीला टांगला. आता संध्याकाळी ते आणि माई पायरीवर बसून निळ्या फुलांच्या कपांतून चहा पितात आणि काचेपलीकडे चाललेली लगबग बघतात. आणखी एक कप मध्यंतरी फुटला. चहा थांबला नाही.

जीप बघायला आता लांबून लोक येतात. तुम्हीही जरूर या. काचेच्या दाराशी चपला काढाव्या लागतील. बाहेरच्या चिखलाने आतला चिखल खराब होऊ नये, अशी पाटी आहे. चिरंजीव स्वतः माहिती सांगतात. त्यांना पोटभर हसा, ते काही वाईट वाटून घेत नाहीत. मग घरी जाऊन जरा तुमच्या काचेच्या कपाटासमोर उभे राहा. त्यातला तो पाहुण्यांसाठीचा संच काढून एक घोट चहा घ्यायचा मोह झाला, तर अवश्य घ्या. पाहुणे आले की 'तुम्ही काय परके आहात का' असं म्हणून तुम्ही त्यांना रोजच्याच कपातून चहा देता, तेव्हा तो संच त्यांच्या काही उपयोगाचा नाही.

फक्त आधी किल्ली कुठे ठेवलीय, ते आठवावं लागेल.